मॉडिफाय केलेल्या जुन्या गाडीखाली नेमकं कुठल्या गाडीचं सस्पेंशन आहे? असं ओळखा

मालवणहून तारकर्ली-देवबागकडे जाताना सीझनमध्ये उघड्या टपाच्या, रंगवून सजवलेल्या जुन्या गाड्या दिसतात. कुणाच्या मांगरात वडिलांच्या वेळची फियाट ताडपत्रीखाली झाकलेली असते. सावंतवाडी-बांद्याकडे गोव्यातून आलेली एखादी परदेशी गाडीही सापडू शकते, कारण पोर्तुगीज काळात गोव्यात आयात गाड्या बऱ्याच येत होत्या.

अशी गाडी विकत घ्यायची किंवा पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की आपण आधी इंजिन बघतो, मग पत्रा आणि मग सीट. पुढच्या चाकांच्या मागे काय आहे, हे बघायला सहसा कुणी वाकत नाही. पण मॉडिफाय केलेल्या गाडीत खरा घोळ तिथेच असतो. बॉडी एका गाडीची, पुढचा एक्सल दुसऱ्या गाडीचा आणि स्टेअरिंग तिसऱ्याच गाडीचं, असंही निघतं.

यात नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. प्रत्येक प्रकारचं सस्पेंशन वेगळ्या जागी झिजतं, वेगळ्या पद्धतीने तुटतं आणि त्याची देखभालही वेगळी असते. ओळख चुकली की पार्ट चुकीचा येतो, देखभाल चुकते आणि त्याची किंमत आंबोलीचा घाट उतरताना मोजावी लागू शकते.

तर ही ओळख पटवायची कशी?

आधी हे करा

गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचला आणि चेसिसखाली लोखंडी स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आपल्याकडे पटकन चार चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात. तेही करू नका. जांभा दगड भिंतीसाठी चांगला असला तरी एका टोकावर भार आला की तो फुटू शकतो.

मग चाक काढा, माती आणि जुनं ग्रीस पुसून घ्या. एवढ्यावर फक्त बघायचं आहे. कुठलाही बोल्ट सैल करायचा नाही. दाबलेली कॉइल स्प्रिंग किंवा पिळलेली सळई यात इतकी ताकद साठलेली असते की चुकीचा बोल्ट निघाला तर जीवावर बेतू शकतं.

पहिला प्रश्न: गाडीचा भार कशावर आहे?

सस्पेंशनचे बाकी सगळे भाग नंतर. आधी स्प्रिंग शोधा. जुन्या गाड्यांत पुढे साधारण पाच प्रकार सापडतात.

१. पाटे. लोखंडी पट्ट्यांचा थर, मध्ये यू बोल्टने एक्सलला बांधलेला, एका टोकाला शॅकल. दोन्ही चाकं एकाच सरळ एक्सलवर असतात. महिंद्राच्या जुन्या जीप आणि मारुती जिप्सी या वर्गातल्या.

२. कॉइल स्प्रिंग आणि दोन आर्म. एक आर्म वर, एक खाली आणि त्यांच्या जोडीला गोल वेटोळ्याची स्प्रिंग. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, आणि स्टँडर्ड हेराल्ड या प्रकारातल्या.

३. पिळणारी सळई, म्हणजे टॉर्शन बार. इथे स्प्रिंग दिसतच नाही, म्हणून लोक गोंधळतात. खालच्या आर्मपासून एक जाड सळई मागे जाऊन चेसिसला घट्ट बसवलेली असते. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि तीच स्प्रिंगचं काम करते. अ‍ॅम्बेसेडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून बनली होती आणि तिला हीच पद्धत होती. २०१० साली आलेल्या महिंद्रा थारलाही पुढे टॉर्शन बार होता, त्यामुळे सळई दिसली म्हणजे गाडी जुनीच असं समजू नका.

४. आडव्या दोन नळ्या. फोक्सवॅगन बीटलची ही खूण. गाडीच्या रुंदीत एकावर एक दोन नळ्या असतात आणि त्यांच्या आत पट्ट्यांची जुडी पिळली जाते. नळ्यांच्या टोकांना मागच्या दिशेने जाणारे आर्म असतात. असं दुसऱ्या गाड्यांत क्वचितच दिसतं, त्यामुळे एका नजरेत ओळखू येतं.

५. स्ट्रट. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, वरचं टोक थेट बोनेटखालच्या पत्र्याला. याचं तांत्रिक नाव मॅकफर्सन स्ट्रट. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे हा प्रकार आपल्याकडे घराघरात पोहोचला. एखाद्या १९६० च्या दशकातल्या गाडीखाली स्ट्रट दिसला तर तो बहुतेक नंतर बसवलेला आहे, असं धरून पुढची तपासणी करा.

यात न बसणारं काही दिसलं तर?

तेव्हा गंमत सुरू होते. काही गाड्यांचे पार्ट खरोखरच विचित्र दिसतात.

एकच आडवा पाटा: चाकांच्या रेषेत, गाडीच्या रुंदीत बसवलेला एकच कमानीसारखा पाटा दिसला तर जुन्या फोर्डचा विचार करा. फोर्डने मॉडेल टी पासून १९४८ पर्यंतच्या गाड्यांना पुढे असाच पाटा दिला. फोर्डच्या गाड्या मुंबईत १९२० च्या दशकापासून जोडल्या जात होत्या.

बंद डबा: चाकाजवळ तेलाने भरलेलं बंद सिलिंडर आणि त्यातून बाहेर आलेला एक आर्म. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही त्या डब्याच्या आत. १९३४ पासून काही वर्षं शेवरोलेच्या वरच्या मॉडेलला हे सस्पेंशन होतं आणि कंपनी त्याला ‘नी अ‍ॅक्शन’ म्हणायची. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरोले जोडत होती, त्यामुळे मुंबईहून गावी आलेल्या जुन्या गाडीत हा डबा सापडणं अशक्य नाही. त्यातलं तेल गळलं की सस्पेंशन निकामी होतं, आणि मग डबा काढून साधा एक्सल बसवला जायचा. तसं झालेलं असेल तर चेसिसवर रिकामी भोकं आणि कापलेल्या ब्रॅकेट दिसतात.

शॉकअपच्या जागी हात: नेहमीच्या नळीसारख्या शॉकअपऐवजी एक लोखंडी डबी आणि तिला जोडलेला हलता हात असेल, तर तो लिव्हर आर्म शॉकअप. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हा सर्रास असे. मॉरिस मायनरमध्ये तर हाच हात सस्पेंशनचा वरचा आर्म म्हणूनही काम करतो. ‘जुना शॉकअप काढून टाकू’ म्हणत तो उडवला, तर चाकाला वरचा आधारच उरत नाही.

रबर: स्प्रिंगच्या जागी रबर दिसलं तर कुणीतरी जुगाड केलाय असं लगेच म्हणू नका. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत रबराचेच शंकू होते. आणि घाटावर, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतः घडवलेल्या ‘मीरा’ या छोट्या गाडीतही स्प्रिंगऐवजी रबर वापरलं होतं. ही गाडी बाजारात कधीच आली नाही. पण एका माणसाने स्वतः बनवलेल्या गाडीतले पार्ट कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाहीत, हे तिच्याकडे बघून कळतं. अशा वेळी ‘कुठल्या गाडीचा पार्ट’ यापेक्षा ‘हा पार्ट काय काम करतो’ हा प्रश्न जास्त उपयोगी.

दुसरा प्रश्न: चाक वळतं कशावर?

चाक डावीकडे-उजवीकडे वळताना ज्या सांध्यावर फिरतं, तो सांधा गाडीचं वय आणि घराणं सांगतो.

जुन्या गाड्यांत उभा किंगपिन असतो, म्हणजे बुशमध्ये फिरणारी जाड पिन. नंतरच्या गाड्यांत बॉल जॉइंट आले. बीटलचंच उदाहरण घ्या. आडव्या दोन नळ्या दोन्हींत सारख्याच, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत किंगपिन आणि त्यानंतर बॉल जॉइंट. नळ्यांवर ब्रॅकेट कशीही असू देत, सांधा बघितला की काळ कळतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा सांधा स्टँडर्ड हेराल्डचा आहे. ही गाडी १९६० च्या दशकात मद्रासमध्ये बनत होती, मूळ डिझाइन ब्रिटनच्या ट्रायम्फ हेराल्डचं. बोनेट आणि मडगार्ड एकत्र पुढे उचललं जातं, ही तिची बाहेरची खूण. आतली खूण म्हणजे ट्रनियन. चाक धरणाऱ्या उभ्या पोलादी भागाच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात आणि ते पितळी दिसणाऱ्या एका ठोकळ्यात फिरतात. हेराल्डचा हा उभा भाग हलका आणि सोपा असल्यामुळे इंग्लंडमध्ये लोटससारख्या कंपन्यांनी आणि घरी गाडी बांधणाऱ्या हौशी लोकांनीही तो वापरला. म्हणजे अनोळखी स्पोर्ट्स बॉडीखालीही तो निघू शकतो.

याची ओळख जीव वाचवणारी का आहे? कारण कंपनीच्या सूचनेनुसार या सांध्यात घट्ट गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे निपल दिसला की ग्रीस मारायची सवय. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही, मग तिथे पाणी साचतं आणि पोलाद आतून गंजतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. एक दिवस आट्याच्या वर तो भाग तुटतो आणि चाक आडवं पडतं. हे बऱ्याचदा स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, कमी वेगात होतं. पण प्रत्येक वेळी कमी वेगातच होईल, याची खात्री कोण देणार? मालवणच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली हेराल्ड असेल तर हा भाग उघडून तपासल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये.

तिसरा प्रश्न: बोल्टला कुठला पाना लागतो?

ही युक्ती सोपी आहे. इटालियन फियाट आणि जपानी सुझुकीच्या पार्टना मिलिमीटरचे पाने लागतात. जुनी जीप, मॉरिस, हेराल्ड यांच्या मूळ पार्टना इंची पाने लागतात.

समजा, एखाद्या नटवर १४ चा पाना चढतच नाही आणि १५ चा सैल पडतो. तर तो नट बहुतेक ९/१६ इंची आहे, कारण ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिलिमीटर. गाडीवर फियाटची पाटी आणि पुढच्या आर्मला इंची नट, म्हणजे काहीतरी बदललं आहे.

एक बोल्ट बघून निष्कर्ष काढू नका. बोल्ट हरवले की हाताला येईल तो बसवला जातो. निदान पाच-सहा जागा तपासा आणि डावी-उजवी बाजू जुळते का ते बघा.

चौथा प्रश्न: चाकाचे बोल्ट किती अंतरावर?

चाकाचे बोल्ट ज्या काल्पनिक वर्तुळावर बसतात, त्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. गॅरेजमध्ये याला पीसीडी म्हणतात.

चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यांतलं अंतर हाच व्यास. पाच बोल्ट असतील तर शेजारचा बोल्ट सोडून पुढच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला १.०५१ ने गुणा.

काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत:

- मारुती ८००: चार बोल्ट, ११४.३ मिलिमीटर
- स्टँडर्ड हेराल्ड: चार बोल्ट, ९५.२५ मिलिमीटर
- जुनी बीटल: पाच बोल्ट, २०५ मिलिमीटर
- जुनी जीप: पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटर
- मारुती जिप्सी: पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटर

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. जीप आणि जिप्सीचा आकडा एकच आहे. दोन्हींना पुढे पाटे आणि दोन्हींच्या चाकामागे चेंडूसारखा गोल भाग. त्यामुळे जीपच्या बॉडीखाली जिप्सीचा एक्सल असेल तर लांबून कळत नाही. इथे पान्याची युक्ती कामाला येते. एक्सलच्या नटांना मिलिमीटरचा पाना बसला तर जिप्सी, इंची बसला तर जीप.

जुन्या जीपची आणखी एक खूण स्टेअरिंगमध्ये आहे. पुढच्या आडव्या चेसिस पट्टीवर मध्यभागी एक फिरणारा तुकडा असतो, त्याला बेल क्रँक म्हणतात. स्टेअरिंगची पुढे-मागे होणारी हालचाल तो आडवी करून दोन टाय रॉडना देतो. तो झिजला की स्टेअरिंगमध्ये मोठा प्ले येतो. मग मेकॅनिक स्टेअरिंग बॉक्स बदलायला सांगतो आणि प्ले तसाच राहतो.

पार्टवरचे आकडे वाचताना

पार्ट पुसला की त्यावर उठावाचे आकडे दिसतात. ते बघून लगेच ऑनलाइन शोधायला जाऊ नका. उठावाचा आकडा बहुतेक वेळा साच्याचा असतो. एकाच साच्यातून काढलेल्या तुकड्यावर वेगवेगळं मशीनिंग करून वेगवेगळे पार्ट बनतात. त्यामुळे साच्याचा आकडा आणि पार्ट नंबर एकच असेलच असं नाही.

बनवणाऱ्याचं नाव सापडलं तर त्याचा उपयोग जास्त. शॉकअपवर गर्लिंग किंवा आर्मस्ट्राँग असेल तर ब्रिटिश घराणं, एक्सलवर स्पायसर किंवा डाना असेल तर अमेरिकन. पण ही नावं घराणं सांगतात, गाडी नाही. या कंपन्या अनेकांना पार्ट पुरवत होत्या.

कुणाला विचारायचं असेल तर फोटो असा काढा

चाकाचा जवळून काढलेला एकच फोटो आणि खाली ‘हा पार्ट कुठला?’ एवढ्याने कुणालाच काही सांगता येत नाही. त्याऐवजी:

- समोरून, मागून आणि खालून, असे तीन फोटो
- डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंचे
- पार्टच्या शेजारी मोजपट्टी धरून
- गाडीची पुढची दिशा खडूने बाण काढून दाखवलेली
- सोबत चार गोष्टी लिहून: स्प्रिंगचा प्रकार, सांध्याचा प्रकार, पाना इंची की मिलिमीटर, चाकाच्या बोल्टची संख्या आणि व्यास

फोटोत नंबर प्लेट आणि चेसिस नंबर झाकायला विसरू नका.

पार्ट ओळखला, पण तो नीट बसवलाय का?

दुसऱ्या गाडीचं सस्पेंशन बसवणं आणि ते बरोबर बसवणं यात फरक आहे. तीन गोष्टी बघा.

एक, वेल्डिंग. आर्म किंवा पाट्याच्या ब्रॅकेटजवळ जाड काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडून बघा. खाली गंजलेल्या पत्र्यावर नवी पट्टी चिकटवलेली असू शकते. सगळ्यात वाईट म्हणजे स्टेअरिंगचा आर्म किंवा चाक धरणारा भाग कापून पुन्हा जोडलेला असणं. तसं दिसलं तर ती गाडी चालवून बघण्याच्याही भानगडीत पडू नका.

दोन, चाकाची जागा. दोन्ही बाजूंना मडगार्डच्या कमानीत चाक सारख्याच ठिकाणी आहे का? एका बाजूला दोन बोटं पुढे असेल तर एक्सल तिरका आहे.

तीन, उसळी. हे बघायला गाडी पुन्हा चाकांवर उभी करा. एकाने स्टेअरिंग घट्ट धरायचं, दुसऱ्याने बोनेटवर दाब देऊन गाडी वर-खाली करायची आणि तिसऱ्याने बाजूला उभं राहून चाकं बघायची. स्टेअरिंग स्थिर असताना चाकं आत-बाहेर वळताना दिसली, तर टाय रॉड आणि सस्पेंशनचा मेळ नाही. अशी गाडी खड्ड्यात गेली की स्वतःहून वळते. एका गाडीच्या सस्पेंशनला दुसऱ्या गाडीचं स्टेअरिंग जोडलं की हे बऱ्याचदा होतं.

किनाऱ्यावरच्या गाडीत गंज कुठे बघायचा?

पाट्यांच्या मध्ये गंज धरला की पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि कडक होऊन तुटतात. टॉर्शन बारच्या गाडीत सळईच्या मागच्या टोकाची जागा तपासा, कारण चाकाचा सगळा जोर तिथे येतो आणि नेमकी तीच जागा फ्लोअरखाली लपलेली असते. जाड स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा आत गेला तर सळई चांगली असूनही उपयोग नाही. आणि सळईवर खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर ती बदलायलाच हवी.

पर्यटकांना फिरवताना गाडी समुद्राच्या पाण्यात घातली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

कायदा काय म्हणतो?

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी ती नव्याने करावी लागते. त्या तपासणीत गाडी आणि कागदपत्रं जुळली पाहिजेत.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम आणले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे मूळ सस्पेंशन काढून चेसिस कापली असेल, तर गाडी कितीही जुनी असली तरी इथे अडचण येऊ शकते. म्हणून पार्ट ओळखल्यावर लगेच ‘हे बदलून टाकू’ म्हणू नका. तो मूळचा असेल तर दुरुस्त करणंच शहाणपणाचं.

मग पुढे काय?

बुश, पिन यांसारखे छोटे भाग चांगला टर्नर बनवून देऊ शकतो. आपल्या जिल्ह्यातून घाट चढलं की कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर अशा कामांसाठी ओळखलं जातं. जुन्या पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा बाजार आहे. पण चाक धरणारा भाग, स्टेअरिंगचे आर्म आणि टॉर्शन बार हे लेथवर घडवून किंवा वेल्डिंग करून घेऊ नका. ते त्या गाडीचेच मिळवा, मग वेळ लागला तरी चालेल.

आणि जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहून न्या: स्प्रिंग कुठली, सांधा कुठला, पाना कुठला, बोल्टचा व्यास किती. दुकानदाराने ‘गाडी कुठली?’ विचारलं तर बोनेटवरचं नाव सांगू नका. हा कागद दाखवा.